पिसावरचा मासा

“पिसावर मासो गावलो तर ही मिशी उतरवून ठेवतंय,” जगूमामा म्हणाला, “आणि नाय गावलो तर नारळी पुनवेक लवू माझ्या ट्रॉलरवर. बोला भावोजी, शब्द?”

बाबा ओट्यावर बसून गळाची दोरी उलगडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बरा,” ते म्हणाले.

“बरा काय? शब्द दिलास?”

“दिलंय म्हणतंय ना. पण निवाडो माझो. उद्या मी होडयेत बसतलंय. मासो माझ्या डोळ्यांनी बघूक व्हयो.”

“बसा की! तुमच्या तोंडचा मी कधी खोटा मानलंय?” मामाने मिशीला पीळ दिला, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि चहाची कपबशी खाली ठेवून निघून गेला. मी, लवू, दारात उभा. माझ्या आयुष्याचा सौदा माझ्यासमोर, मला न विचारता, एका कपात झाला होता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. ट्रॉलरवर एक हंगाम काढला होता आणि पुन्हा तिथे जायचं म्हटलं की नको वाटायचं. उलटीबिलटी नव्हे हो, दर्याची मला भीती नव्हती. पण ट्रॉलरवर मासा दिसतच नाही. जाळं वर येतं, ढीग ओतला जातो, फावड्याने ओढायचा, बर्फात कोंबायचा. मला आवडायची आमची खाडी. भरती लागली की कांदळाच्या मुळांपाशी मांडीभर पाणी चढतं, तळातली वाळू दिसते आणि त्या वाळूवरून माशाची सावली आधी येते, मासा मागाहून. होडीच्या टोकावर, होडी ढकलायची बांबूची काठी घेऊन उभं राहावं आणि ती सावली बघावी. एवढंच माझं वेड. त्यावर पोट भरता येईल असं मला वाटत नव्हतं, डॉक्टरीणबाई येईपर्यंत.

डॉ. कालिंदी भडकमकर. पुण्याच्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, शिडशिडीत, कॅनव्हासची टोपी, पायात कापडी बूट. ऑपरेशनच्या वेळी माणसाला भूल द्यायची ही त्यांची नोकरी. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहिल्या आणि तिथून लवचीक बारीक गळाची काठी, जाड पिवळी दोरी आणि पिसांच्या गऱ्यांचा डबा घेऊन आल्या. म्हणजे गरीला आमिष नाही, कोळंबी नाही, काही नाही. कोंबड्याची पिसं दोऱ्याने बांधलेली. ती पिवळी दोरी हवेत पुढेमागे झुलवायची आणि पिसाची गरी माशाच्या नाकासमोर अलगद टाकायची. माशाने पिसाला कोळंबी समजायचं, असा एकूण बेत.

आणि मासा कुठला? तर टार्पन. नाव त्यांनी सांगितलं. बाबा त्याला ‘उड्यो’ म्हणत. चकचकीत चांदीचा, खालचा जबडा वर आलेला, रागावलेल्या म्हाताऱ्यासारखा. मधूनमधून पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतो. गळाला लागला की पुरुषभर उंच उडी मारतो. आणि आत काटेच काटे! बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही.

“चारशे किलोमीटर लांबून ह्या काट्यांसाठी इली?” पहिल्या दिवशी बाबांनी मला हळूच विचारलं होतं. “डोक्याची डॉक्टर असा की काय?”

डॉक्टरीणबाईंनीही त्यांना एक प्रश्न विचारला होता. “रावजी, तुमचा मुलगा होडी कशी चालवतो?” बाबा समुद्राकडे बघत म्हणाले, “काय नाय. काठी मारता.”

झालं. एवढीच माझी शिफारस. बाबांच्या तोंडून माझ्याबद्दल याहून बरं कधी आलंच नव्हतं. दहावीला आमच्या वाडीतून मी एकटा पास झालो. पोस्टमन पेढे मागायला आला तर बाबा म्हणाले, “काय नाय रे, काठावर निसटलो.” मला बासष्ट टक्के होते. ट्रॉलरच्या हंगामात एक खलाशी पाण्यात पडला, मी उडी टाकून त्याला वर काढला. गावभर बोभाटा झाला. देवळात कोणी विचारलं, “रावजी, झील मोठो शूर निघालो म्हणतत?” “काय नाय,” म्हणाले, “पाय घसरून झीलच पडलो असतलो.” तेव्हा मी त्यांच्या मागेच उभा होतो.

तर डॉक्टरीणबाईंचा मुक्काम चार दिवसांचा होता. तीन दिवस कोरडे गेले. मासे दिसले, दोनदा लागलेही, पण उडी मारली की सुटले. मासा मिळाला तर पुण्यातली आणि मुंबईची आणखी सात-आठ माणसं त्या दर हंगामाला पाठवणार होत्या. त्यांना नुसती होडी नको होती, खाडी ओळखणारा माणूस हवा होता. नाही मिळाला तर कशाच्या जोरावर पाठवणार? म्हणजे रविवारची एक भरती. मासा आला तर मी खाडीत, नाही आला तर फावडं आणि बर्फ.

रविवारी पहाटे निघालो. धक्क्यावर जाईपर्यंत बाबा कोणाशी बोलले नाहीत, कारण मासे मारायला निघालेल्याला कोणी ‘खंय चल्लास’ विचारलं की आमच्याकडे माणूस सरळ घरी परत जातो. डॉक्टरीणबाईंना हे माहीत नव्हतं.

“काय रावजी, आज कुठे नेताय मला?” त्यांनी लांबूनच हाक मारली.

बाबा गर्रकन वळले आणि घराकडे चालू लागले.

“अहो, काय झालं? मी काय बोलले?”

मी त्यांना समजावलं आणि बाबांच्या मागे धावलो. बाबा घरी गेले, घोटभर पाणी प्याले, उंबऱ्याबाहेर डावा पाय ठेवला होता तो मागे घेऊन उजवा ठेवला आणि पुन्हा धक्क्यावर आले. भरतीची वीस मिनिटं गेली. डॉक्टरीणबाई तोंडावर बोट ठेवून होडीत बसल्या होत्या, बालवाडीतल्या मुलीसारख्या.

“येताना पण काही नियम आहे का? आत्ताच सांग बाबा,” त्या माझ्या कानात कुजबुजल्या.

“येताना ‘काय गावला’ म्हणून विचारतात. ते विचारलेलं चालतं. पण उत्तर एकच असतं, काय नाय.”

“आणि मिळालं असेल तर?”

“तर जास्तच जोरात काय नाय. टोपली घरात पोचेपर्यंत कबूल करायचं नाही. नाहीतर दृष्ट लागते आणि पुढले आठ दिवस दर्या कोरडा.”

हे मी हसत सांगत होतो, पण बाबा त्यातलं अक्षर न अक्षर पाळत. एकदा सुरमईचा थवा लागला होता. होडी काठोकाठ भरलेली, पाणी आत यायला आलेलं. आणि धक्क्यावर उभ्या माणसांना बाबा सांगतायत, “काय नाय, हात हालवीत इलंय.” माणसं सुरमईवर पाय पडू नये म्हणून बाजूला सरकत होती आणि ‘अरेरे’ म्हणत होती. सगळ्यांना सगळं माहीत. तरीही बोलायचं ते तसंच.

डॉक्टरीणबाई पुढे उभ्या, मी मागे काठी घेऊन, मध्ये फळीवर बाबा. इंजिन बंद. ऊन नुकतं कांदळाच्या वर आलेलं, वारा नावाला. मी काठी तळाला टेकवत होतो, दाबत होतो, उचलत होतो. लाकडाला काठी लागून टक् झालं की उड्यो गेलाच म्हणून समजा. त्यामुळे काठी आणि होडी यांच्यामध्ये स्वतःची मांडी ठेवायची हे मी शोधून काढलं होतं. मांडी काळीनिळी व्हायची, पण आवाज नाही.

“तयारी करतेय हं, जरा दोरी मोकळी करते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी काठी मागे नेली. पिवळी दोरी सुईंऽऽ करत बाबांच्या डोक्यावरून गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली आणि पुढे येताना बाबांची टोपी घेऊन आली. टोपी खाडीत पडली आणि पिसाच्या गरीला लटकून तरंगू लागली.

बाबांच्या टोपीला हात लावलेला मी जन्मात कोणाला पाहिला नव्हता.

“गावलो,” बाबा शांतपणे म्हणाले. “वजनाक हलको असा, पण काटे नाय.”

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की खाली बसल्या. मला मात्र हसू येईना. बाबा एवढे मजेत का, हा विचार मला टोचत होता. मासा मिळणार नाही आणि मी ट्रॉलरवर जाणार, म्हणून ना?

अर्धा तास काहीच नाही. मग कांदळाच्या कोपऱ्यावर पाणी वळलं. चांदीची पाठ वर आली, ‘भुप्’ असा हवेचा घोट घेतला आणि बुडाली. त्यामागे दुसरी. तिसरी.

“दहाच्या आकड्यावर, बाई, तीन होडी लांब,” मी कुजबुजलो. घड्याळाचे आकडे ही आमची ठरलेली खूण होती. समोर बारा.

दोरी गेली. छान गेली. पिसं पाण्यावर टेकली, बुडाली. त्यांनी दोरी बोटांनी थोडी थोडी ओढली. एक सावली वळली, मागे लागली, आणि दोरी ताठ झाली.

मग जे झालं ते गेल्या तीन दिवसांत दोनदा झालं होतं. उड्यो पाण्यातून सरळ वर गेला, हवेत डोकं झाडलं, बाईंनी घाबरून काठी छातीशी ओढली आणि फट्. दोरी सैल.

“गेला,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पार खाली गेला होता. “मला तिकडेही सांगितलं होतं, उडी मारली की ढील द्या म्हणून. डोक्याला कळतं. हाताला कळत नाही. पस्तीस वर्षं ह्या हातांनी कधी काही सोडलं नाही हो. सोडलं असतं तर टेबलावरचा माणूस गेला असता.”

भरती अजून तासभर होती. मी काठी दाबली. नारळी पौर्णिमेला किती दिवस राहिलेत याचा हिशेब आपोआप डोक्यात सुरू झाला आणि मी तो मध्येच थांबवला.

बाबांनी तंबाखू मळली. तोंडात टाकली नाही. हातातच धरून बसले. मग घसा खाकरला.

“बाई, एक सांगू?”

“सांगा ना.”

“मी दोरी हातात धरून गरवतंय. काठी नाय माझ्याकडे. उड्यो उडी मारता तेव्हा तो कोणाचोच नसता. आपलोय नाय नि दर्याचोय नाय. तेव्हा तेच्याशी झगडूचा नाय. हात पुढे करूचो, जसो काय आपणच तेका सांगतंव, जा बाबा, मार उडी. पाण्यात पडलो की मगे पुन्हा आपलो.” त्यांनी रिकामा हात पुढे करून दाखवला, वाकून, जणू समोर कोणाला पाणी देतायत. “असा. कमरेतून.”

बाईंनी तसं करून बघितलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. बाबा म्हणत, “अजून. अजून वाका. उड्यो म्हणजे काय तुमचो कंपाउंडर नाय.” बाई हसत होत्या आणि वाकत होत्या.

मी चक्रावलो. हा माणूस कोणाच्या बाजूचा? मामाला शब्द दिलाय आणि इथे शिकवणी चाललीय! मग मनाशी म्हटलं, काही नाही, सवय आहे. कोणी चुकीचं गरवताना दिसलं की बाबांना राहवत नाही. परक्या गावच्या माणसालाही ते गाठ बांधून देत.

भरती पूर्ण व्हायला आली तेव्हा ते पुन्हा दिसले. या वेळी उथळात, वाळूच्या पट्ट्यावर, सहा सावल्या एका रांगेत. वारा मागून येत होता, होडी आपोआप त्यांच्या अंगावर चालली होती. मी काठी वाळूत रोवली आणि सगळं वजन टाकून होडी धरली. मांडीवर काठी अशी रुतली की डोळ्यांत पाणी आलं. होडी थांबली. आवाज नाही. बाबांनी मान वळवून माझ्या मांडीकडे बघितलं, मग काठीकडे, आणि पुन्हा पुढे बघू लागले.

“अकरा वाजता,” मी म्हटलं. “पुढचा सोडा. दुसरा मोठा आहे.”

दोरी गेली. पिसं पडली. एक ओढ, दोन ओढी. दुसरी सावली वर आली, तोंड उघडलं, आतला पांढरा रंग मला दिसला आणि दोरी चिरत निघाली.

“उडतलो!” बाबा उभे राहिले. “आता उडतलो! ढील! ढील दी गो बाये!”

उड्यो गेला वर. बाई वाकल्या. अशा वाकल्या की त्यांचा तोल गेला आणि बाबांनी मागून त्यांच्या कमरेचा पट्टा पकडला. मासा हवेत गरकन फिरला, सगळं ऊन त्याच्या अंगावरून गेलं, आणि पाण्यात आडवा आपटला. दोरी ताठ!

“हय असा! हय असा तो!” बाबा ओरडले. मासे मारताना ओरडायचं नाही म्हणून मला लहानपणी याच माणसाने थोबाडलं होतं.

पाच उड्या मारल्या त्याने. पाच वेळा बाई वाकल्या आणि पाच वेळा बाबांनी पट्टा धरला. पंचवीस मिनिटं लागली. शेवटी तो होडीच्या कडेला आला, दमून, आडवा, एक मोठा डोळा आभाळाकडे. बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत लांब. मी त्याच्या जबड्यातून गरी काढली.

“झालं,” बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. “आता सोडायचा. जपून. तोंड प्रवाहाकडे करून धरा त्याला, दम येईपर्यंत. माझी तर बोटं उघडत नाहीयेत. रावजी, तुम्ही धरता?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. हाती आलेला मासा परत करणं म्हणजे आमच्याकडे जेवायला बसलेल्याला उठवण्यासारखं. मला वाटलं आता काहीतरी तडकून बोलणार.

“तसोय काटे कोण काढीत बसतलो,” ते पुटपुटले, आणि बाह्या सरसावून दोन्ही हात पाण्यात घातले. एक हात पोटाखाली, एक शेपटीपाशी. मासा कल्ले हलवत राहिला. बाबा त्याच्याशी काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही. मग शेपटी एकदा जोरात हलली आणि बाबांनी हात उघडले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मासा गेला. बाबा बराच वेळ हात तसेच पाण्यात ठेवून बसले होते. बाईंच्या बॅगेत कॅमेरा होता, पण त्याची आठवण आम्हाला धक्का दिसू लागल्यावर झाली.

धक्क्यावर जगूमामा उभा. शेजारी मासेवाली शेवंतीकाकू, चहावाला, आणखी चार रिकामटेकडे. मामाने पैज साऱ्या वाडीला सांगून ठेवली होती. मी होडी लावली, दोरी उचलली. म्हटलं, आता मामाची मिशी!

“काय भावोजी?” मामाने वरूनच विचारलं. “काय गावला?”

“काय नाय,” बाबा म्हणाले.

मी हातातली दोरी तशीच धरून उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंचा एक पाय होडीत, एक पायरीवर.

मामाने टाळी वाजवली. “संपला तर! लवू, सामान बांधूक लाग.”

“मामा, गावलो होतो!” मी ओरडलो. “एवढो मोठो!”

“खंय असा? दाखय.”

“सोडलो.”

“सोडलो!” चहावाला हसला, मग सगळेच हसले. “एवढो मोठो आणि सोडलो!”

“अहो, खरंच मिळाला होता,” बाई पुढे झाल्या. “मी स्वतः पकडला. रावजींनीच त्यांच्या हातांनी सोडला.”

मामाने हात जोडले. “बाई, तुम्ही पाहुण्या. पोराक सांभाळून घेतास, तुमचो मोठेपणा. पण निवाडो भावोजींचो ठरलेलो. भावोजी कधी खोटा बोलणत नाय, आणि भावोजी काय नाय म्हणाले. होडयेतय काय दिसणा नाय.”

मी बाबांकडे बघितलं. ते होडीत उभे होते, तोंड अर्धवट उघडं, जणू आपल्याच तोंडातून काय निघालं ते त्यांना आत्ता ऐकू येत होतं. पण मला तेव्हा तसं दिसलं नाही. मला दिसला तो मामाला शब्द दिलेला माणूस. सव्वीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं.

“तुमका ह्याच व्हया होता ना?” मी म्हटलं. चारचौघांत बापाशी असं कधी बोललो नव्हतो. “माका घालवूचा होता तर सरळ सांगायचा. तिला शिकवलास कित्याक? हात पाण्यात घातलास कित्याक?”

बाबांनी टोपी काढली. ती अजून ओलीच होती. पिळली. पुन्हा घातली. मग पायऱ्या चढून वर आले आणि मामाच्या समोर उभे राहिले.

“जगू, खोटा बोललंय. गावलो.”

“आं?”

“गावलो म्हणतंय.” बाबांनी डावा हात लांब केला आणि उजव्या हाताने खांद्यावर थाप मारली. “हयपासून थंयपर्यंत. ह्या हातांनी धरलंय आणि ह्या हातांनी सोडलंय.”

शेवंतीकाकूने तोंडावर हात मारला. “रावजी! धक्क्यार सांगतंस?”

“सांगतंय. सगळ्यांनी आयका.” बाबांचा आवाज चढला. उभ्या आयुष्यात धक्क्यावर त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. “पन्नास वर्सां ह्या खाडयेत काढलंय. माशाच्या डोक्यार होडी नेवची आणि पाण्याक कळूक देवचा नाय, असो माणूस मी एकच बघलंय. आज बघलंय. मांडी फोडून घेतल्यान, पण टक् म्हणून आवाज केल्यान नाय.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्यो. माझो झील. ह्यो ट्रॉलरवर जावचो नाय.”

मामाचा हात मिशीवर होता. तो त्याने हळूच खाली घेतला.

“मगे काय नाय कित्याक म्हणालास?” त्याने विचारलं, अगदी बारीक आवाजात.

“आता काय सांगू तुका,” बाबा वैतागले. “तोंडाक सवय! भरलेल्या होडयेत दुसरा काय बोलतत?” आणि कोणाकडेही न बघता घराकडे निघून गेले.

मी डॉक्टरीणबाईंचं सामान त्यांच्या गाडीत ठेवत होतो. त्या गाडीला टेकून उभ्या होत्या, स्वतःशीच हसत.

“लवू, पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, मुलगा होडी कशी चालवतो. आठवतं काय म्हणाले?”

“आठवतं. काय नाय म्हणाले.”

“हं,” त्या म्हणाल्या. “काय नाय.” आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

काठीची पिशवी माझ्या हातात होती. पोस्टमन आठवला, देवळातला तो माणूस आठवला. बासष्ट टक्के, काय नाय. बुडणारा खलाशी, काय नाय. भरलेली टोपली न्यावी तसं ते मला धक्क्यावरून घरी नेत होते, कोणाची नजर लागू न देता, आणि मी मागे उभा राहून दरवेळी ते ‘काय नाय’ खरं मानत होतो. मला रडू आलं. डॉक्टरीणबाईंनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि गाडीत ठेवली.

त्यांनी सात-आठ नाही, पुढल्या वर्षी अकरा माणसं पाठवली. मामाने मिशी काढली नाही, पण माझ्यासमोर तिला पीळ देणं सोडलं. याला आता सत्तावीस वर्षं झाली. अजून मी त्याच खाडीत काठी मारतो. मांडीला आता चामड्याचा तुकडा बांधतो, एवढाच फरक.

पण त्या रविवारनंतरचं सांगायचं राहिलं. सोमवारी बाबा गरवायला गेले आणि रिकामे आले. मंगळवारी रिकामे. बुधवारी दोन खेकडे. मामा मुद्दाम धक्क्यावर येऊन विचारायचा, “भावोजी, काय गावला?” आणि बाबा म्हणायचे, “काय नाय,” आणि जन्मात पहिल्यांदा ते खरं असायचं. असे आठ दिवस. शेवंतीकाकू म्हणाली, “सांगलंय ना मी? तोंडान वाटोळा करून घेतलास.” बाबा म्हणाले, “होऊ दी.” मी एकदा घरात विषय काढला, म्हटलं, बाबा, माझ्यामुळे. तर माझ्या अंगावर ओरडले, जेवताना माशाचं बोलू नकोस म्हणून.

नवव्या दिवशी मी धक्क्यावर उभा होतो. बाबांची होडी वळणावरून आत आली, जरा जड चालली होती. मी वरूनच हाक मारली, “बाबा, काय गावला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले.

“काय नाय,” म्हणाले.

टोपली वर घ्यायला आम्हाला दोघांनाही वाकावं लागलं.